माहुलीहून तंजावर, वाद घालत

शहापूरहून तंजावरचा रस्ता नकाशात सरळ आहे. कल्याणवरून पनवेल, पुढे द्रुतगती मार्ग, मग सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, बंगळूर. तिथून होसूर, सेलम, त्रिची आणि तंजावर. सगळं मिळून १४०० किलोमीटरच्या आसपास. आमच्या आप्पांना हा हिशेब मान्य नाही. त्यांच्या मते तंजावरचा रस्ता आसनगावच्या माहुली किल्ल्यावरून सुटतो, आणि तो १६३६ साली सुटला.

आप्पा म्हणजे माझे वडील, इतिहासाचे निवृत्त शिक्षक. ताई माझी आतेबहीण, जलसंपदा खात्यात शाखा अभियंता. ती लालबागच्या चाळीत वाढली, पण मे महिना दर वर्षी आमच्याकडे, तानसाच्या काठच्या गावात. कागद दाखवल्याशिवाय एकही विधान सोडायचं नाही ही खोड तिला तिच्या मामानेच लावली, आणि आता ती त्यांच्यावरच उलटली आहे. दिवाळीच्या सुटीत आम्ही पाच जण गाडीने निघालो: हे दोघं, आई, ताईचा आठवीतला मुलगा आणि चाक हातात असल्याने वादात पडायची मुभा नसलेला मी. दोघांचं बोलणं आठवतं तसं उतरवतो आहे. टोलनाके, चहाच्या टपऱ्या आणि एसीवरून झालेली भांडणं गाळली आहेत.

आप्पा: ती बघ माहुली. भंडारगड, पळसगड आणि मधली माहुली. निजामशाही इथे संपली. शहाजीराजांनी निजामशाहीचा बालराजा मांडीवर घेऊन कारभार चालवला होता. मागून मोगलांचा खानजमान आला, आदिलशाहीचा रणदुल्लाखान आला. पोर्तुगीजांकडे आसरा मागितला, त्यांनी नाकारला. जिजाऊ आणि लहानगे शिवाजीराजे तेव्हा गडावर होते असं सांगतात. शेवटी गड दिला, ते पोर हवाली केलं, आणि राजांना आदिलशाहीची चाकरी पत्करून दक्षिणेत जावं लागलं. आधी बंगळूर, पुढच्या पिढीत तंजावर.

ताई: म्हणजे हरले म्हणून गेले.

आप्पा: तह झाला म्हणून गेले.

ताई: तह हरलेल्याने करायचा आणि जिंकलेल्याने मोडायचा, हे तुम्हीच शिकवलंत मामा. बरं, गेले. पण आपण गाडीने कशाला जायचं? रेल्वेने आडवं पडून गेलो असतो.

आप्पा: रेल्वे होदिगेऱ्याला थांबत नाही.

ताई: मला तंजावर बघायचंय ते कल्लणैसाठी. करिकाल चोळाचा बंधारा, अठराशे वर्षांच्या आसपासचा, आणि अजून कामावर आहे. तुमच्या भोसल्यांनी तिथे काय केलं ते वाटेत सांगा. ऐकते.

आप्पा: ‘तुमच्या’ भोसल्यांनी? अगं, आपली माणसं इतक्या लांब जाऊन जवळजवळ १८० वर्षं राज्य करतात, आणि तू पाहुण्यासारखं बोलतेस?

ताई: आपली म्हणजे कोणाची? भोसले वेरूळचे. आपण तानसाकाठचे कुणबी. ते गडावर तह करत होते तेव्हा आपले पूर्वज खाली राब भाजत होते.

आप्पा: गडावर धान्य कोणी चढवलं मग? आजूबाजूच्या गावांनीच ना?

ताई: वेठीने चढवलं की हौसेने? कागद आहे?

आप्पा: कागद नाही.

ताई: मग राहू दे.

पहिली चकमक कल्याण फाट्याच्या आतच उरकली. खंबाटकी, सातारा, कोल्हापूर हा पट्टा आप्पांच्या पाठांतराचा होता. तो मी सोडून देतो, कारण तिथे त्यांना कोणी विरोध केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी धारवाडच्या पुढे इडलीबरोबर सांबार आलं आणि आप्पांनी संभाजीराजांची गोष्ट काढली: महाराज तंजावरला आले, आमटीला घालायचं आमसूल संपलं होतं, आचाऱ्याने चिंच घातली, पदार्थाला महाराजांचं नाव पडलं. ताईने फक्त भुवया उचलल्या. आप्पा म्हणाले, “ऐकीव आहे, मी कुठे परीक्षेत विचारतोय?” एवढ्यावर तो विषय मिटला. ज्या माणसाने आयुष्यभर ‘बखर म्हणजे पुरावा नव्हे’ असं पोरांना बजावलं, त्याला जेवणाच्या टेबलावर बखर चालते, ही माझी नोंद.

दावणगेऱ्याला महामार्ग सोडून चन्नगिरीच्या बाजूला वळलो. होदिगेरे. शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजे इथे वारले, २३ जानेवारी १६६४ ला. समाधी अगदी साधी आहे. तिला नमस्कार करून आप्पा बराच वेळ तिथेच बसले. त्याच तालुक्यात सुळेकेरे नावाचा प्रचंड तलाव आहे, शांतिसागर असंही म्हणतात. शांतव्वा नावाच्या राजकन्येने तो बांधला अशी तिकडची कथा. ताईने तिथेही गाडी नेली, आणि तलावाच्या बांधावर आप्पा तिच्यापेक्षा लवकर कंटाळले.

ताई: दोन डोंगरांमधली अरुंद खिंड हेरून तेवढीच अडवली आहे. आजही शेतं भिजतात. आणि फलकावर बांधणाऱ्या कारागिराचं नाव नाही.

आप्पा: राजाच्या समाधीवर तरी कोणाचं मोठं काम दिसलं तुला? मुलखात चाकरी करत फिरला, मुलखातच पडला. एक मुलगा, व्यंकोजी, तंजावरला गेला, दुसरा मुलगा रायगडावर. बाप मात्र इथे. मला हे आवडतं.

ताई: हे मलाही आवडलं. फक्त ‘आपलं राज्य’ म्हणू नका.

बंगळूर आम्ही वळणरस्त्याने टाळलं. सेलमच्या पुढे पाऊस लागला. नोव्हेंबरात! आईला ते खरंच वाटेना. आपल्याकडे कापण्या उरकून झोडणी चालू होती आणि इकडे हिरवीगार खाचरं भरून वाहत होती. ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस तमिळनाडूला दिवाळीच्या आसपासच मिळतो, हे ताईने सांगितलं. आईने विचारलं, “मग यांची लावणी कधी?” कुरुवै, सांबा, ताळडी अशी तीन हंगामांची नावं ताईने घेतली, मेत्तूर धरणाचं पाणी शक्यतो १२ जूनला सोडायचं आणि त्यावर कुरुवै घ्यायचं, असा तिथला नेम. आई म्हणाली, “आमचा एक पाऊस, एक पीक, आणि मग वीटभट्टी.” एवढंच बोलली, पण पुढे या वाक्यावर दोघंही परत आले.

तंजावरला पहिल्या दिवशी बृहदीश्वर. राजराज चोळाने १०१० मध्ये पुरं केलेलं देऊळ, विमान ६० मीटरच्या वर, सगळं ग्रॅनाइटचं. आसपासच्या गाळाच्या जमिनीत एवढा दगड नाही. तो लांबून आणलेला. सावली जमिनीवर पडत नाही वगैरे गोष्टी सांगायला माणसं तयारच होती, पण आप्पा कोणाचं ऐकत नव्हते. ते प्राकाराच्या भिंतीवर एकच गोष्ट शोधत होते: १८०३ सालचा, तंजावरच्या सरफोजीराजांचा मराठी शिलालेख, भोसले वंशाचा इतिहास. सापडल्यावर त्यांनी चष्मा बदलला आणि ओळी वाचत सुटले.

आप्पा: बघ. चोळांच्या देवळात मराठी. आपल्या घराण्याचा इतिहास, आपल्या भाषेत, दगडात. इतका लांबलचक मराठी शिलालेख दुसरा दाखव मला.

ताई: लांब आहे. पण यात कोण आहे?

आप्पा: कोण म्हणजे? मालोजी, शहाजी, व्यंकोजी...

ताई: राजे. आता राजराजाचा लेख सांगते. त्याने देवळात नाचणाऱ्या चारशे बायका राज्यभरातून आणल्या. प्रत्येकीचं नाव, कुठल्या गावच्या देवळातून आली, इथे कुठल्या आळीत कितव्या घरात राहते आणि भाताचा वाटा किती, हे सगळं कोरलेलं आहे. हिशेबनीस आहेत, गवई आहेत, सोनार, न्हावी, परीट. कुंदवै नावाच्या बहिणीने काय दिलं तेही. चोळांचा राजा आठशे वर्षं आधी पगारपत्रक कोरतो आणि सरफोजी वंशावळ कोरतो.

आप्पा: सरफोजीकडे पगार द्यायला राज्य उरलं होतं कुठे? १७९९ च्या तहाने कंपनीने सगळं घेतलं. किल्ला आणि राजवाडा तेवढा हातात. ज्याचं राज्य गेलं तो आपण कोण होतो हे नाही लिहिणार तर काय लिहील?

इथे ताई गप्प झाली. मला वाटतं आप्पांनी त्या वेळी स्वतःच्या बाजूचं सर्वांत खरं वाक्य उच्चारलं आणि त्यांना ते कळलंही नाही, कारण ते लगेच वाद जिंकल्याच्या आनंदात पुढच्या ओळीकडे वळले.

देवळाच्या रांगेत एक म्हातारी बाई आईचं बोलणं ऐकून मराठीत बोलू लागली. घरात पिढ्यान् पिढ्या हीच भाषा, बाहेर तमिळ. आईचं आणि तिचं झकास जमलं. आप्पांनी मध्ये पडून ‘आपले पूर्वज महाराष्ट्रातून केव्हा स्थलांतरित झाले’ असं विचारलं तेव्हा तिला ते समजलं नाही; आईने “तुमी कंदी आलात इकडं?” असं विचारल्यावर ती हसून म्हणाली, आम्ही आलो नाही, आम्ही इथलेच.

ताई: ऐकलंत? ‘आम्ही इथलेच.’ मामा, तुम्ही ज्यांना आपले म्हणून भेटायला आलात, ते स्वतःला तुमचे समजत नाहीत.

आप्पा: मराठी बोलतात.

ताई: बोलतात. पण त्यांच्या राजांनीच तर दार उघडं ठेवलं होतं. व्यंकोजींचा मुलगा शहाजी, १६८४ ते १७१२, याने नाटकं लिहिली ती तेलुगूत, मराठीत. एक तर पाच भाषांत. सरफोजीच्या दरबारात चिन्नैया, पोन्नैया, शिवानंदम, वडिवेलू हे चार भाऊ, ज्यांनी आजच्या भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा क्रम बसवला. चौघेही तमिळ. तंजावरच्या भोसल्यांचं मोठेपण ते मराठी राहिले यात नाही.

आप्पा: मराठीही राहिले आणि तमिळही झाले, असं म्हण ना. विष्णुदास भाव्यांनी सांगलीला १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ केलं आणि आपण म्हणतो मराठी रंगभूमी जन्मली. त्याच्या दीडशे वर्षं आधी तंजावरात मराठी नाटक लिहिलं जात होतं. हे आपल्याला शाळेत कोणी शिकवलं नाही. मीही शिकवलं नाही, क्रमिक पुस्तकात नव्हतं. तेव्हा कोणी कोणाला विसरलं, ते नीट बघ.

दुसरा दिवस सरस्वती महालात गेला. पाहुण्यांना संग्रहालयाचा भाग बघता येतो. हस्तलिखितांचे गठ्ठे आत, अभ्यासकांसाठी. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी मिळून जवळजवळ ४९,००० हस्तलिखितं, आणि मोडीतले दप्तरी कागद वेगळे. आप्पांना मोडी येते, त्यामुळे काचेतला एक कागद त्यांनी नातवाला वाचून दाखवला. सरफोजीचा गुरू श्वार्ट्झ हा मिशनरी; राजाने युरोपातून पुस्तकं मागवली, काशीहून पोथ्या आणवल्या, छापखाना काढला. इसापच्या गोष्टींचं मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ तंजावरात १८०६ च्या सुमारास छापलं गेलं, म्हणजे मुंबई-पुण्याकडे छापील मराठी पुस्तक हा प्रकार रुळायच्या कितीतरी आधी. नातवाला छापखान्यापेक्षा डोळ्यांच्या आजारांची जुनी चित्रं आवडली. राजा रुग्णांच्या नोंदी ठेवत असे, डोळ्यांच्याही.

वादाला खरी धार चढली ती संध्याकाळी, लॉजच्या गच्चीवर.

आप्पा: तुला राजांचं कौतुक नको, पगारपत्रक हवं. घे मग. छत्रं. रामेश्वरच्या वाटेवर तंजावरच्या भोसल्यांनी ओळीने छत्रं बांधली, यात्रेकरूंसाठी. एक तर सरफोजीने मुक्तांबाळ नावाच्या त्याच्या प्रिय स्त्रीच्या नावाने ओरत्तनाडला बांधलं. पट्टराणीच्या नाही, तिच्या. १८०१ साली त्याने कंपनीच्या रेसिडेंटला पत्र लिहिलं: राज्य घेतलंत, छत्रं माझ्याकडे राहू द्या. त्यात सगळं वर्णन आहे. येईल त्याला जेवण, जात न विचारता. शिजलेलं खात नसेल त्याला शिधा. आजारी पडला तर बरा होईपर्यंत औषध. गरोदर बाई आली तर बाळंतपण. पोरका असेल त्याला शिक्षण. मेला तर त्याच्या रीतीने अंत्यविधी. राज्य गेल्यावर माणूस काय मागून घेतो, यावरून तो ओळखावा.

ताई: हे मला माहीत नव्हतं.

आप्पा: वाटसरूंची सोय केली त्यांनी. आपणही वाटसरूच आहोत की.

ताई: मग हे तांदूळ कुठून येत होते ते सांगा.

आप्पा: छत्रांना गावं लावून दिलेली होती. त्यांच्या उत्पन्नातून.

ताई: आणि त्या गावांत चिखलणी, लावणी करणारे कोण होते? मामी वाटेत म्हणाल्या ना, एक पीक आणि मग वीटभट्टी. इथे पिकं दोन-तीन, पण शेतमजूर मालकाला बांधलेला. जुन्या तंजावर जिल्ह्यातच किळवेण्मणी आहे. २५ डिसेंबर १९६८. मजुरीत थोडं भात वाढवून मागितलं म्हणून दलित मजुरांच्या वस्तीवर हल्ला झाला. एका झोपडीत लपलेली ४४ माणसं जाळली, बहुतेक बायका आणि पोरं. तंजावरचं वैभव म्हणताना हेही त्याच भाताच्या खाचरात उभं आहे.

आप्पा: ते भोसल्यांनी केलं नाही.

ताई: नाही केलं. पण ती जमीनदारी भोसले, नायक, कंपनी सगळ्यांच्या खाली तशीच राहिली. राजे बदलत गेले.

आप्पा: आपल्या ठाणे जिल्ह्यात काय वेगळं होतं? तलासरी, डहाणू, उंबरगाव. १९४५ ला वारली उठले तेव्हा वेठबिगारी होतीच ना? आणि आज आपल्याच गावची कातकरी कुटुंबं उचल घेऊन भट्टीवर जातात, दिवाळी झाली की.

ताई: तेच म्हणते. मग शहाजीराजांची गोष्ट सांगताना ती माणसं का वगळता?

आई मध्ये बोलली, आणि तिचं बोलणं दोघांच्याही कामाचं नव्हतं. “त्या छत्रात भाजी काय द्यायचे, ते लिवलंय का पत्रात?” आप्पांना ते सांगता आलं नाही.

पुढच्या सकाळी कल्लणै. ताईच्या उत्साहाला पारावार नव्हता, तरी तिने आधी नकाशा काढून आप्पांना समजावलं. श्रीरंगमच्या बेटाच्या वर, मुक्कोंबूला, कावेरीचे दोन फाटे होतात: एक कावेरी, दुसरा कोळ्ळिडम. कोळ्ळिडमचं पात्र खोल आणि उताराचं, म्हणून पाणी तिकडे धाव घेतं आणि सरळ समुद्राला मिळतं. बेटाच्या खालच्या टोकाला दोन्ही फाटे पुन्हा जवळ येतात, आणि तिथे कावेरी कोळ्ळिडममध्ये ओसंडून जाण्याची भीती. ती फट बुजवण्यासाठी कल्लणै. ३२९ मीटर लांब, उंची जेमतेम पाच-साडेपाच मीटर. आता तिथून पाणी कावेरी, वेण्णार, नवा कालवा आणि कोळ्ळिडम असं चौघांत वाटलं जातं.

ताई: पाया वाळूत आहे. खडक लागतच नाही. मोठाले दगड टाकायचे, ते वाळूत खचायचे, पुन्हा टाकायचे, तळ घट्ट होईपर्यंत. आर्थर कॉटन १८३० च्या दशकात इथे आला तेव्हा सैल वाळूत पाया कसा घालायचा हे तो यातूनच शिकला, आणि ते त्याने कबूलही केलं. इथे करिकालाचा पुतळा आहे आणि कॉटनचाही.

आप्पा: एवढासाच? मला वाटलं धरण असेल.

ताई: हे पाणी साठवत नाही मामा, वळवतं. आणि ज्यांच्या दारात वळवतं त्यांच्याच शेतात सोडतं. आता तुमचा तानसा आठवा. १८९२ चा बांध, लांबी पावणेतीन किलोमीटर, दगडी, सुंदर. पाणी कुणाला? मुंबईला. त्यापाठोपाठ मोडकसागर, वरची वैतरणा, भातसा, मधली वैतरणा. मुंबईची मोठी धरणं बहुतेक आपल्याच डोंगररांगांत. आणि एप्रिल-मेमध्ये टँकर कुठे फिरतात? शहापूर तालुक्यात.

आप्पा: आणि तू कुठलं पाणी पिऊन मोठी झालीस? लालबागला नळ होता ना? तो सहा फुटांचा पाइप आमच्या अंगणावरून जातो. तुझं बालपण आमच्या पाण्यावर गेलंय.

ताई: हो गेलं. अकरा महिने ते पाणी प्यायचं आणि मे महिन्यात तुमच्याकडे येऊन मामीबरोबर विहिरीवर रांग लावायची. म्हणूनच बोलते. हे मला दोन्ही टोकांनी माहीत आहे.

आप्पा: मुंबईने पाणी प्यायचं नाही का? आपली निम्मी पोरं तिथेच राहतात. गिरण्या होत्या तेव्हा सगळा गाव तिथे होता.

ताई: प्यावं. पण काठच्या माणसाचा वाटा आधी लिहून ठेवावा, तो नंतर मागायला लागू नये. आता शहापूरला पाणी आणायचं तर इगतपुरीच्या भावली धरणातून आणायची योजना. उशाला तानसा, भातसा, आणि पाणी नाशिक जिल्ह्यातून.

मग आप्पांनी एक हुकमाचं पान टाकलं. ते त्यांनी होदिगेऱ्यापासून राखून ठेवलं असावं असा माझा संशय आहे.

आप्पा: तू म्हणालीस राजांनी काय केलं. ऐक. हा बंधारा तंजावरच्या हद्दीत नव्हता. त्रिचीच्या मुलखात, म्हणजे अर्काटच्या नबाबाच्या ताब्यात. दुरुस्ती झाली नाही की कावेरी कोळ्ळिडममध्ये जायची आणि तंजावर कोरडं. १७६० च्या दशकात यावरून भांडण पेटलं. नबाब महंमद अली दुरुस्ती करीना आणि करूही देईना. तंजावरचे राजे प्रतापसिंह गेले, तुळजाराजे आले, तक्रार मद्रासला कंपनीपुढे गेली. राजाचं भांडण कशासाठी, तर या दगडांच्या डागडुजीच्या हक्कासाठी. तलवारीसाठी नाही, गादीसाठी नाही.

ताई: हे आधी का नाही सांगितलंत? दोन दिवस व्यंकोजीच ऐकवताय मला!

आप्पा: तू विचारलंस कुठे? तू वंशावळीला हसत होतीस.

ताई: म्हणजे धरण एकाच्या हद्दीत, शेतं दुसऱ्याची, आणि शेतवाल्याचा राजा भांडला.

आप्पा: भांडला. मराठी राजा, तमिळ शेतकऱ्याच्या पाण्यासाठी. आता म्हणू का ‘आपला’?

ताई: सारा बुडत होता म्हणून भांडला असेल.

आप्पा: असेल. सारा बुडतो म्हणून का होईना, भांडणारा कोणीतरी लागतो.

यावर ताईने उत्तर दिलं नाही. ती पुलावर जाऊन दारं मोजत बसली, आणि आप्पा तिच्या मागे जाऊन कुठल्या दारातून किती पाणी जातं हे विचारत बसले. माझ्या मते वाद इथेच संपायला हरकत नव्हती, पण परतीचा रस्ता ठरायचा होता. आप्पांना जिंजी हवी होती. राजाराम महाराज तिथे राहिले होते, आणि ती बघितल्याशिवाय ‘दक्षिण’ पुरी कशी? ताईला मेत्तूर हवं होतं. माझी सुटी दोन्हींना पुरणारी नव्हती. मेत्तूर सेलमच्या वाटेला लागून होतं, जिंजीला लांबचा वळसा. आप्पा तक्रार न करता मागे जाऊन बसले, हे मला जरा विचित्र वाटलं.

मेत्तूरचं धरण १९३४ चं. साठा ९३ टीएमसीच्या, म्हणजे ९३ अब्ज घनफुटांच्या वर. आपला तानसा सुमारे ५ टीएमसी. आप्पांनी हे आकडे ताईकडून वहीत लिहून घेतले.

आप्पा: हे पाणी वरून कर्नाटक सोडतं ना? नाही सोडलं तर?

ताई: त्यासाठीच तर सव्वाशे वर्षं चाललंय. पहिला करार म्हैसूर आणि मद्रासचा, १८९२ चा. म्हैसूरला नवं मोठं पाटबंधाऱ्याचं काम करायचं तर आधी खालच्या मद्रासची संमती. मग १९२४ चा करार, १९९० ला लवाद, २००७ ला निवाडा, २०१८ ला सर्वोच्च न्यायालय. तमिळनाडूला बिळिगुंडलूपाशी वर्षाला १७७.२५ टीएमसी. टीएमसीचा पाव भागसुद्धा लिहून ठेवलाय.

आप्पा: १८९२ म्हणालीस?

ताई: १८९२.

आप्पा: तानसा १८९२.

ताई: हो की. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

आप्पा: म्हणजे ज्या साली इकडे वरच्याने खालच्याला विचारायचं ठरलं, त्याच साली आपल्याकडे नदी अडवली आणि काठच्याला कोणी विचारलं नाही. एकच सरकार, एकच साल.

ताई: इकडे दोन सरकारं समोरासमोर होती मामा. म्हैसूरला राजा होता, मद्रासला गव्हर्नर. आपल्या बाजूने बोलायला कोण होतं? तो सबंध मुलूख मुंबई इलाख्यातच.

आप्पा: प्रतापसिंह नव्हते, एवढंच ना? ठीक. येत्या जानेवारीच्या ग्रामसभेत मी हे मांडणार. दोन्ही करारांची सालं, दोन्ही धरणांचे आकडे, आणि आपल्या तालुक्याला किती आरक्षण असावं ते. तू मला कागद काढून दे. ऐकीव चालणार नाही.

ताई: कागद देते. पण मामा, ग्रामसभेत अर्धा तास असतो. तिथे शहाजीराजे नकोत.

आप्पा: शहाजीराजांशिवाय माहुलीची माणसं ऐकतील का?

ताई: पाच मिनिटं. घड्याळ लावून.

आप्पा: दहा.

आईने मागून विचारलं, टँकरची यादी ग्रामसेवकाकडे असते की तहसीलला, आणि ती आपण कधी बघितली आहे का. दोघांपैकी कोणीही ती बघितलेली नव्हती. ताईने फोन काढून पंचायत समितीतल्या तिच्या ओळखीच्या माणसाला तिथूनच फोन लावला.